ट्रेडमार्क अर्ज ‘ऑब्जेक्टेड’ झाला? परीक्षण अहवालाचं उत्तर असं लिहा

नाव ठरवणं, तसं नाव आधी कुणाचं आहे का याचा शोध घेणं, नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म टीएम-ए भरणं हे कुणालाही जमतं. शोध हुबेहूब स्पेलिंगपुरता न घेता उच्चारावरूनही घ्या. शुल्क ऑनलाइन अर्जाला, दर वर्गामागे, व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला 4,500 रुपये, बाकीच्यांना 9,000. वर्ग 45 आहेत, पहिले 34 मालाचे आणि पुढचे 11 सेवांचे.

अर्जातल्या एकाच रकान्यापाशी थांबा: नाव कधीपासून वापरात आहे. जुनी तारीख टाकली की अर्ज भक्कम होतो असं सांगणारे खूप भेटतात. तारीख टाकलीत तर तिच्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, आणि वापराबद्दलचं विधान मागाहून मोठ्या प्रमाणात बदलू देत नाहीत. त्या तारखेचं बिल हातात नसेल तर ती तारीख टाकू नका. वापर सुरूच झाला नसेल तर ‘वापरण्याचा प्रस्ताव’ हा पर्याय निवडा, त्यात कमीपणा काही नाही.

काही काळाने अर्जाच्या स्टेटसमध्ये ‘ऑब्जेक्टेड’ दिसतं आणि फोन सुरू होतात, “आमच्यावर कुणीतरी केस टाकली!” कुणी केस टाकलेली नसते. ‘ऑब्जेक्टेड’ म्हणजे अर्ज तपासणाऱ्या सरकारी परीक्षकाची हरकत, ती तो परीक्षण अहवालात कळवतो. त्रयस्थ माणूस विरोध करतो तेव्हा ‘ऑपोज्ड’ दिसतं, आणि ते पुष्कळ पुढचं प्रकरण. परीक्षण अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यायचं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. ईमेल पाठवला त्या क्षणी तो मिळाला असं नियम मानतात, म्हणून स्पॅम फोल्डर बघत राहा. उत्तराला शुल्क नाही.

खरी कसोटी या उत्तराची. सुरुवातीला माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच जायचा, आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. बाजारात तयार उत्तरं फिरतात: पानंच्या पानं निकालांची यादी आणि शेवटी ‘आमचं चिन्ह वेगळं आहे’. असलं उत्तर दाखल करू नका. कोणताही परीक्षक ते पहिल्या परिच्छेदात ओळखतो.

आधी हरकत ट्रेडमार्क कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा. कलम 9 म्हणजे तुमच्या नावातच खोट: ते मालाचं वर्णन करतं, दर्जा सांगतं किंवा गावाचं नाव आहे. सिगारेटसाठी ‘सिमला’ हे नाव कलकत्ता उच्च न्यायालयाने 1977 मध्ये नाकारलं होतं. यातून सुटायला दोन वाटा. नाव त्या मालाचं वर्णन करतच नाही हे दाखवा, किंवा वापरामुळे लोक ते नाव तुमचंच म्हणून ओळखतात हे सिद्ध करा. दुसऱ्या वाटेने जाताना पुरावा अर्जाच्या तारखेआधीचा हवा: वर्षवार बिलं, जाहिरातींचा खर्च, सीएचा उलाढालीचा दाखला. नाव निव्वळ वर्णनात्मक असेल आणि धंदा परवा सुरू झाला असेल तर वकिलावर पैसे घालू नका, नाव बदला. हे कुणाला ऐकायला आवडत नाही, तरी मी सांगतोच.

कलम 11 म्हणजे तुमचं नाव आधीच्या कुणाशी तरी जुळतं. अहवालात ती आधीची चिन्हं दिलेली असतात. प्रत्येकाचं स्टेटस स्वतः उघडून बघा. त्यातली काही नाकारलेली, सोडून दिलेली किंवा नूतनीकरणाअभावी काढून टाकलेली निघतात. तसं असेल तर एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. जी जिवंत आहेत त्यांचा माल पाहा. वर्ग एक म्हणजे माल एक असं नाही. नंदिनी दूध आणि नंदिनी डीलक्स उपाहारगृह या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच मान्य केलं. गरज पडली तर टीएम-एम हा दुरुस्तीचा फॉर्म भरून आपल्या यादीतला वादाचा माल वगळा. आधीच्या चिन्हाच्या धन्याआधीपासून तुमचा वापर असेल तर ते पुरावे लावा. तो लेखी संमती द्यायला तयार असेल तर उत्तमच.

शब्दाचे तुकडे करून फरक दाखवायच्या फंदात पडू नका. ‘शेवट सारखा असला तरी सुरुवात वेगळी’ हा युक्तिवाद सगळ्यांचा लाडका. 1963 च्या खटल्यात ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ यांची सुरुवात वेगळीच होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने नावं गल्लत व्हावी इतकी सारखी ठरवली. दुकानात उभा असलेला माणूस संधिविग्रह करत बसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या उत्तरात लिहिलेलं प्रत्येक वाक्य तुमच्या नावावर कायमचं जमा होतं आणि पोर्टलवर कुणालाही वाचता येतं. रमन क्वात्रा विरुद्ध केईआय इंडस्ट्रीज या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2023 मध्ये म्हटलं की, अहवालाच्या उत्तरात ‘आमचं चिन्ह त्या चिन्हापेक्षा वेगळं’ असं सांगून नोंदणी मिळवणाऱ्याला नंतर उलट भूमिका घेऊन त्या चिन्हाविरुद्ध अंतरिम मनाई (खटला चालू असेपर्यंतची बंदी) मागता येणार नाही. म्हणजे सुटका व्हावी म्हणून आज ‘आमचा आणि त्यांचा माल अगदीच निराळा’ असं ठोकून दिलंत, तर उद्या त्या मालात उतरल्यावर तेच वाक्य तुमच्यासमोर धरलं जाईल. ‘हा शब्द सगळेच वापरतात’ हे लिहिताना तर दहादा विचार करा. कलम 11 मधून सुटाल आणि कलम 9 मध्ये अडकाल, शिवाय पुढे नक्कल करणाऱ्याला अडवायला तोंड उरणार नाही. मी उत्तर दाखल करण्याआधी एकदा प्रतिस्पर्ध्याच्या वकिलाच्या नजरेने वाचतो आणि जे वाक्य त्याला आवडेल ते खोडतो. उत्तर बहुधा निम्मं होतं. होऊ द्या.

उत्तराने परीक्षकाचं समाधान झालं नाही तर सुनावणी लागते, ती व्हिडिओवर होते. नवे मुद्दे काढू नका, पुरावे हाताशी ठेवा.

स्वीकृती मिळाली की चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं. तिथून चार महिने कुणीही विरोध करू शकतो. विरोधाची नोटीस मिळाली तर दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे तिचं लेखी उत्तर द्या, नाहीतर अर्ज संपला. विरोध झाला नाही तर प्रमाणपत्र मिळतं, दहा वर्षांसाठी. ते हातात येईपर्यंत नावापुढे ‘टीएम’च लावा, वर्तुळातला ‘आर’ आधी लावणं बेकायदा आहे.

आणि अर्ज नाकारला गेलाच, तर अपील तीन महिन्यांत, उच्च न्यायालयात. बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जा असं सांगणारी जुनी माहिती अजून फिरते. ते मंडळ 2021 मध्येच बरखास्त झालं.