मोठे टायर, जुनेच गिअर: पिकअपवाल्यांनो, या चुका टाळा

३५ इंची टायर चढवले की पिकअपचा रुबाब वाढतो, हे मलाही मान्य आहे. पण टायर मोठा झाला की ॲक्सलमधले क्राउन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी गिअरची जोडी, हेही बदलावे लागतात आणि तो खर्च टायरच्याच खर्चात धरायचा असतो, हे बहुतेकांना टायर बसवून झाल्यावर कळतं. इथे कोलोरॅडोत बर्फ वितळायला लागलं की माझ्याकडे त्याच तक्रारी येतात: गाडी ओढत नाही, गिअर सारखा वरखाली करते, घाटात गिअरबॉक्स तापतो, मायलेज बसलं. इंजिन ठणठणीत असतं. कुणीतरी ३.२१ किंवा ३.५५ रेशोच्या ॲक्सलवर ३५ चे टायर लावून ठेवलेले असतात.

हिशेब सोपा आहे. ३.७३ रेशो म्हणजे क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला ११, म्हणजेच चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) ३.७३ फेरे. आकडा जितका मोठा, तितकी ओढ जास्त. टायर मोठा केला की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि तेवढीच ओढ कमी होते. म्हणून जुन्या रेशोला नव्या टायरच्या व्यासाने गुणायचं आणि जुन्या टायरच्या व्यासाने भागायचं. कंपनीचा २६५/७० आर १७ टायर ३१.६ इंचाचा असतो. त्या जागी ३५ चा टायर घातला, ॲक्सल ३.५५ ची असली, तर उत्तर येतं ३.८८ च्या आसपास. म्हणजे कंपनीने दिली होती तेवढीच ओढ परत हवी असेल तरी ३.८८ लागतो. असा सेट बहुधा मिळत नाही, म्हणून लोक जवळचा म्हणून ३.७३ घेतात. मी नेहमी वरचा घेतो, म्हणजे ४.१०. मोठा टायर नुसता उंच नसतो, जडही असतो, आणि गाडीची उंची वाढवली की वाऱ्याचा अडथळा वाढतो. या दोन्ही गोष्टी सूत्रात येत नाहीत.

या हिशेबात वर मी ३५ ऐवजी ३४.५ धरले आहेत, हे लक्षात आलं असेल. टायरवर ३५ छापलेलं असलं तरी मोजल्यावर बहुधा अर्धा इंच कमीच भरतो. जमिनीवर खडूने खूण करा, गाडी चाकाच्या बरोबर एका फेऱ्याएवढी पुढे ढकला, अंतर मोजा आणि ३.१४ ने भागा. जुने टायर काढायच्या आधी त्यांचंही हेच माप घेऊन ठेवा.

आरपीएम कमी म्हणजे मायलेज चांगलं

हा समज काही केल्या जात नाही. मैलांचा वेग गुणिले ॲक्सलचा रेशो गुणिले टॉप गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास, की आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, मिळतो. टॉप गिअरचा रेशो ०.६९ धरा. ताशी ७० मैलांना ३१.६ च्या टायरवर आणि ३.५५ वर इंजिन १८२० च्या आसपास फिरतं. टायर ३४.५ चे केले की १६७० वर येतं. नवखा खूश होतो, पेट्रोल वाचलं म्हणून. सपाट कॅन्ससमध्ये कदाचित थोडं वाचेलही. पण डेन्व्हरहून आय-७० धरून आयझेनहॉवर बोगद्याकडे निघालात की तुम्ही अकरा हजार फुटांवर चढत असता. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. १६७० वर ते इंजिन काय ओढणार? गिअरबॉक्स सहाव्यातून पाचव्यात येतो, पाचव्यातून चौथ्यात, थोडा उतार लागला की परत वर जातो. दर वेळी इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक सुटतं, आणि लॉक सुटलं की तेल तापतं. मागे कॅम्पर जोडलेला असेल तर बघायलाच नको. त्याच टायरवर ४.१० घातलं की आरपीएम १९३० च्या घरात येतो आणि गाडी एक गिअर धरून चढते.

मायलेजची अर्धी तक्रार तर खोटी असते. टायर सव्वानऊ टक्के मोठा झाला की ओडोमीटर जवळपास तितकेच मैल कमी मोजतो. भागाकार करताना मैल कमी धरले, तर मायलेज कमी दिसणारच. स्पीडोमीटरचंही तेच: काट्यावर ६५ असताना गाडी ७१ ने जात असते आणि तिकीट ७१ चंच मिळतं. कॉम्प्युटरमध्ये टायरचं माप भरा. नुसत्या काट्यासाठी नाही, आजच्या गाड्या गिअर कधी बदलायचा हेही त्याच मापावरून ठरवतात.

आधी मागचं करू, पुढचं नंतर

या चुकीवर मी कितीही वेळ बोलायला तयार आहे. फोर व्हील ड्राइव्ह पिकअपला पुढे-मागे मिळून दोन डिफरन्शियल असतात, प्रत्येकात आपापलं क्राउन-पिनियन, आणि दोन्हींचा रेशो सारखाच लागतो. ४.१० आणि ४.०९ एवढा फरक चालतो, त्यापुढे नाही.

ओळखीतला एक मुलगा, नाशिकचा, इथे नोकरीला लागून पहिलीच पिकअप घेतलेला. ३५ चे टायर आधीच बसवून आला होता. दोन्ही ॲक्सलचं काम दोन-तीन हजार डॉलरच्या घरात जातं हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "काका, फोर व्हील मी वर्षातून किती वेळा लावतो? आत्ता मागचं करून घेतो, पुढचं बोनस आला की." मी स्पष्ट नाही म्हटलं. त्याने दुसरीकडे एका गॅरेजमध्ये फक्त मागचं ४.५६ करून घेतलं. पुढे ३.७३ तसंच राहिलं.

त्याच्या गाडीत फोर व्हीलचा ऑटो मोड होता. या मोडमध्ये ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीतला) क्लच पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या वेगातला फरक बघतो. मागचा जास्त फिरताना दिसला की मागची चाकं घसरली असं समजून पुढच्यांना ताकद देतो. आता ४.५६ भागिले ३.७३ करा. सरळ, कोरड्या रस्त्यावरही मागचा शाफ्ट कायम २२ टक्के जास्त फिरणार. पहिला बर्फ पडला तेव्हा त्याने ऑटो लावलं, रस्ता कोरडा झाल्यावरही काढलं नाही, आणि घाट चढायला निघाला. क्लच सारखा पकडत राहिला. जॉर्जटाऊनच्या पुढे गाडी धक्के द्यायला लागली. त्याला वाटलं ऑटो मोडच बिघडला, म्हणून त्याने फोर हाय, म्हणजे कायमचं फोर व्हील, लावलं. मग दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडले गेले. पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा २२ टक्के जास्त पळायचं होतं आणि खालचं डांबर त्यांना घसरू देत नव्हतं. काहीतरी तुटणारच होतं.

गाडी टोइंगवर माझ्याकडे आली. ट्रान्सफर केस उघडली तर चेनचा तुकडा तळाशी आडवा पडलेला, ॲल्युमिनियमच्या कव्हरला आतून बाहेर आलेली भेग, क्लचच्या प्लेटा काळ्याठिक्कर. तेलाला जळका वास इतका होता की दार उघडून काम करावं लागलं. पुढच्या डिफरन्शियलला काही झालं नव्हतं, हे त्याचं नशीब. नवी ट्रान्सफर केस आणि पुढचं ४.५६ मिळून जो खर्च आला, त्यात सुरुवातीलाच दोन्ही ॲक्सल करून वर पैसे उरले असते. मुलगा गुणी आहे, चूक एकदा कळल्यावर त्याने हुज्जत घातली नाही. पण "मी वापरतच नाही" हे कारण मी आता कुणाकडूनही ऐकून घेत नाही. पैसे कमी असतील तर टायर सहा महिने उशिरा घ्या. अगदीच मागचं एकट्याचं काम झालं असेल, तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट उतरवून ठेवा, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी काही तुटणार नाही.

सेट स्वस्तात बसवून घेणं

क्राउन-पिनियन बसवणं म्हणजे बोल्ट खोलून बोल्ट आवळणं नव्हे. पिनियन किती खोल बसायचा ते शिमने, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकतीने, ठरतं. क्राउन आणि पिनियनच्या दात्यांतली ढिलाई डायल गेजने मोजायची, बहुतेक सेटना ती ०.००६ ते ०.०१० इंच लागते. मग दात्यांना पिवळी पेस्ट लावून फिरवायचं आणि दात दातावर कुठे घासतो ते बघायचं. ठसा दाताच्या मध्यावर हवा. कडेला आला की सगळं परत खोलायचं आणि शिम बदलायची. पहिल्याच प्रयत्नात ठसा बरोबर आला, असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. मी पिवळ्या ठशाचा फोटो मागतो, क्राउनच्या दोन्ही बाजूंचा. फोटो दाखवायला कांकू करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. पिनियनचा क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबून बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी) जास्त आवळला गेला तर नट सैल करून भागत नाही, नवा स्लीव्ह लागतो. घाईतल्या लोकांना हे माहीत असतं, तरी ते नट मागे फिरवतात आणि बेअरिंग दोन-चार हजार मैलांत ओरडायला लागतं. मी माझ्या गाडीत त्याऐवजी न दबणारा सॉलिड स्पेसरच घालतो.

बसवून झालं की लगेच ट्रेलर जोडून मोआबला निघायचं नाही. पहिले वीसेक मैल हलक्या पायाने चालवा, मग ॲक्सल पूर्ण गार होईपर्यंत गाडी उभी ठेवा. असं दोन-तीनदा करा. ५०० मैल काहीही ओढू नका आणि त्यानंतर तेल बदला. ते तेल चाळणीतून बघा, रुपेरी भुकटी चालते, पण तुकडा नको. नवे दाते पहिल्याच दिवशी ओझ्याखाली तापले की निळे पडतात, आणि निळा दात पुन्हा कडक होत नाही. पाचशे मैल धीर न धरणाऱ्यांनी हे काम करून घेऊच नये.

बाकीच्या चुका पटकन सांगतो.

आपला सध्याचा रेशो अंदाजाने धरू नका, जुनी गाडी असेल तर मुळीच नाही, आधीच्या मालकाने काय केलं असेल सांगता येत नाही. जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअपमध्ये ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर कोड असतो: जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३. स्टिकर नसेल तर गिअर न्यूट्रलला घ्या, बाकीच्या चाकांना अडण लावा, मागचं एकच चाक स्टँडवर उचला, ते बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. लिमिटेड स्लिप किंवा लॉकर नसलेल्या साध्या डिफरन्शियलला तोच तुमचा रेशो.

नुसता क्राउन-पिनियनचा सेट मागवण्याआधी कॅरिअर, म्हणजे ज्यावर क्राउन बसतो तो भाग, बघा. जुन्या डाना ४४ ॲक्सलमध्ये ३.७३ पर्यंतचा कॅरिअर वेगळा आणि ३.९२ पासून पुढचा वेगळा असतो.

सगळ्यात मोठा आकडा म्हणजे सगळ्यात चांगला, असंही नाही. आकडा वाढतो तसा पिनियन बारीक होतो आणि दाते कमी होतात. दहा गिअरचा ऑटोमॅटिक आणि टर्बो इंजिन असेल तर जुन्या चार गिअरच्या गाडीचे तक्ते वापरू नका, तुम्हाला तितका मोठा आकडा घ्यावा लागणार नाही.

स्टेपनीही त्याच मापाची घ्या. मागे एका बाजूला ३५ आणि दुसऱ्या बाजूला ३२ घालून घरी आलात, तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर सगळा रस्ता फिरत राहतात, आणि लिमिटेड स्लिप (दोन चाकांच्या फेऱ्यांतला फरक रोखणारं डिफरन्शियल) असेल तर त्याच्या प्लेटा त्या एका फेरीत झिजतात.