कृत्रिम पाय बनवताना या चुका टाळा : मऊपणाच्या आधी आकार आणि तोल

गुडघ्याखालचा कृत्रिम पाय बनवायला शिकणारे विद्यार्थी, स्पर्धेसाठी नव्या धर्तीचे पाऊल तयार करणारे अभियांत्रिकीचे गट आणि कामाच्या रेट्यात घाई करणारे काही तंत्रज्ञ यांच्या हातून त्याच त्या चुका होताना मी मुंबईतल्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. या चुकांची किंमत बनवणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती मोजतो सकाळी विरार लोकलमध्ये चढणारा, फुलबाजारात दिवसभर उभा राहणारा किंवा चाळीचे तीन जिने रोज चढउतार करणारा माणूस. म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो आहे.

बहुतेक नवशिके पायाचा विचार पावलापासून सुरू करतात, कारण पाऊल डोळ्यांना दिसते. खरा पाय सॉकेटमध्ये असतो. स्टंप, म्हणजे कापल्यानंतर उरलेला पायाचा भाग, ज्या पोकळीत बसतो ते सॉकेट. तिचा आकार चुकला असेल, तर खाली जगातले सर्वांत महागडे कार्बन फायबरचे पाऊल लावले तरी तो माणूस आठवड्याभरात पाय काढून कोपऱ्यात ठेवतो आणि पुन्हा कुबड्या घेतो.

दुखते तिथेच फोम चिकटवणे

या चुकीचा मला सर्वाधिक राग आहे, कारण ती दयाबुद्धीने केली जाते. रुग्ण सांगतो की इथे टोचते. तंत्रज्ञ लायनर, म्हणजे सॉकेटच्या आतले मऊ अस्तर, काढतो, टोचणाऱ्या जागी फोमचा तुकडा चिकटवतो आणि पाय परत देतो. दोन दिवस बरे वाटते. त्यानंतर दुखणे पहिल्यापेक्षा वाढून परत येते.

गोदीच्या बाजूला मासळी विकणाऱ्या एक मावशी आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या दुसरीकडे बनवलेल्या पायाचा पेलाइटचा (एका दाट फोमचा) लायनर मी उलटा करून पाहिला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाचे डोके जिथे येते तिथे, फोमचे तुकडे एकावर एक इतके चढवलेले होते की तिथे चांगला टेंगळाएवढा उंचवटा झाला होता. सर्वांत वरचा तुकडा घामाने पिवळा पडला होता आणि दाबून दाबून पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. स्टंपवर नेमक्या त्याच जागी कातडी काळी, जाड झालेली आणि मधोमध उघडी जखम. मावशी म्हणाल्या, ‘‘दर खेपेला लावून देतात. दोन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. आता तर बसल्या जागीही ठणकतं.’’

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. सॉकेटच्या आतली जागा ठरलेली असते. तिथे उंचवटा वाढवला की शरीराचा भार तेवढाच राहतो, पण टेकणारी जागा लहान होते आणि त्या जागेवरचा दाब वाढतो. बारीक हाडाच्या डोक्याखालून पावलाकडे जाणारी नस कातडीच्या अगदी जवळून वळते, त्यामुळे तिथला दाब नुसता टोचत नाही, तर पायभर झिणझिण्या आणतो. फोम दबून चपटा होईपर्यंत जो आराम वाटतो, तो खोटा आराम असतो.

भार कुठे घ्यायचा आणि कुठे घ्यायचा नाही, याचा नकाशा १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कली येथे पीटीबी (गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर भार घेणारे) सॉकेट तयार झाले तेव्हापासून उपलब्ध आहे. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध, नडगीच्या आतल्या बाजूचा वरचा रुंद भाग, दोन हाडांमधली मांसल पन्हाळी आणि मागची पोटरी या जागा दाब सोसतात. नडगीची धार, नडगीचे कापलेले टोक, बारीक हाडाचे डोके आणि गुडघ्यामागचे दोन्ही बाजूंचे स्नायुबंध या जागा दाब सोसत नाहीत. टोचणाऱ्या जागेला आराम द्यायचा असेल, तर तिथून जागा मोकळी करायची असते आणि भार शेजारच्या सोसणाऱ्या जागांकडे वळवायचा असतो. पॅड लावायचाच असेल, तर तो दुखणाऱ्या जागेच्या भोवती लागतो. दुखणाऱ्या जागेवर कधीच नाही.

मी स्वतः आधी लिपस्टिक वापरतो. दुखणाऱ्या बिंदूवर लिपस्टिकचा ठिपका लावतो, पाय घालून माणसाला उभे करतो, काढतो आणि आत उमटलेल्या ठिपक्यावर खूण करून तेवढाच भाग हीट गनने गरम करून बाहेर दाबतो. त्याच वेळी सॉकेटच्या तळाशी मातीची छोटी गोळी टाकतो. मावशींच्या सॉकेटमध्ये ही गोळी जशी टाकली तशी गोल बाहेर आली. याचा अर्थ स्टंपचे टोक तळाला अजिबात टेकत नव्हते. सगळा पाय वरच्या काठावर लोंबकळत होता आणि म्हणूनच भार त्या हाडाच्या डोक्यावर येत होता. तळाशी टेकणे पूर्णपणे तुटले की टोकाला सूज येते, कातडी जांभळी पडते आणि पुढे चामखिळीसारखी खरखरीत होते. फोमचा एकही तुकडा या कारणापर्यंत पोहोचला नसता.

जखम भरेपर्यंत पाय बंद ठेवायला मी सांगितले, हे मावशींना पटायला वेळ लागला, कारण दिवस बुडाला की धंदा बुडतो. जखमेवर नवीन सॉकेट चढवून देण्याचा आग्रह रुग्णाने कितीही केला, तरी तो मान्य करू नये. जखम भरली, नवा साचा घेतला, आणि नव्या सॉकेटमध्ये फोमचा एकही जादा तुकडा लागला नाही.

याच विचारातून दुसरी गोष्ट सांगतो. लायनर जितका जाड आणि मऊ तितका पाय आरामदायी, असे विद्यार्थी गृहीत धरतात. फार मऊ थरात हाड प्रत्येक पावलाला खालीवर सरकते. कातडी लायनरला चिकटून राहते आणि आतले हाड हलते. या ओढाताणीने कातडी आतून फाटते. स्टंप हाडकुळा असेल, कातडीवर जुने व्रण असतील, तर सिलिकॉन किंवा जेलचा लायनर निश्चित उपयोगी पडतो, पण तोही योग्य आकाराच्या सॉकेटमध्येच.

स्टंप स्थिर होण्याआधी कायमचा पाय

शस्त्रक्रियेनंतरचे काही महिने स्टंप आटत असतो. सूज उतरते, स्नायू बारीक होतात आणि आज घट्ट बसलेले सॉकेट काही आठवड्यांत खुळखुळू लागते. घरच्यांना घाई असते, हे समजण्यासारखे आहे. तंत्रज्ञाला घाई असण्याचे कारण मला समजत नाही. आठाच्या आकड्यासारखी पट्टी नीट बांधायला शिकवा, तात्पुरता पाय द्या आणि ठरावीक अंतराने घेर मोजून वहीत लिहा. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या स्टंपचे माप डायलिसिसच्या आधी आणि नंतर वेगळे भरते, म्हणून साचा कोणत्या वेळी घेतला तेही लिहून ठेवावे.

स्कॅनर आणि थ्रीडी प्रिंटर आल्यापासून साचा घेण्याचे कौशल्य संपले, असा समज पसरला आहे. स्कॅनर बाहेरचा आकार अचूक देतो, परंतु कुठे हाड आहे आणि कुठे मांस, कुठे दाबले की माणूस दचकतो, हे त्याला कळत नाही. आधी बोटांनी संपूर्ण स्टंप चाचपून कॉपिंग पेन्सिलने (जिची खूण ओल्या प्लास्टरवर उमटते) खुणा कराव्यात; मग प्लास्टर वापरा किंवा स्कॅनर, माझी हरकत नाही. प्लास्टर घासून पॉझिटिव्ह, म्हणजे स्टंपची प्रतिकृती, तयार करण्याचा कंटाळा असणाऱ्याने या व्यवसायात येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘जास्त हालचाल म्हणजे नैसर्गिक पाऊल’ हा गैरसमज

अभियांत्रिकीच्या एका गटाने घोट्याला चारही बाजूंनी स्प्रिंग लावलेले पाऊल आणले होते. टेबलावर हाताने दाबले की ते सुरेख वळायचे आणि परत यायचे. आमच्याकडच्या एका अनुभवी रुग्णाला ते घालून पॅरलल बारमध्ये, म्हणजे आधाराच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, उभे केले, तर त्यांनी दोन्ही हातांनी दांडे पकडले ते सोडलेच नाहीत. टाच टेकताच पाऊल आत की बाहेर कुठे कलेल याचा भरवसा नव्हता, आणि दाबलेली स्प्रिंग पाय उचलण्याच्या क्षणाआधीच उसळून गुडघ्याला धक्का देत होती. मुले हुशार होती. त्यांनी चालणे मात्र पाहिले नव्हते.

चालताना पावलाचे काम तीन टप्प्यांत होते : टाच टेकताना धक्का जिरवणे, शरीर पावलावरून पुढे सरकताना आधार देणे आणि शेवटी चवड्यावरून सुटणे. सॅच (ताठ घोटा आणि मऊ टाच असलेल्या) पावलात घोट्याला सांधा नसतोच. टाचेतल्या मऊ पाचरीच्या दबण्यानेच तळवा जमिनीकडे झुकल्यासारखा परिणाम मिळतो. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. पी. के. सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेल्या जयपूर फूटमध्ये टाचेत आणि पुढे स्पंज रबर, घोट्यात लाकडाचा ठोकळा आणि वरून व्हल्कनाइझ केलेले रबर असते. ते सर्व बाजूंना थोडेथोडे वळते, म्हणून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते आणि मांडी घालता येते. दोन्ही पावलांत हालचाल मर्यादित आणि भरवशाची आहे, आणि हे दोन्ही गुण वजन पेलणाऱ्या वस्तूत असावेच लागतात.

टाच किती मऊ असावी, हे वजनावर आणि चालण्याच्या सवयीवर ठरते. ते तपासताना मी पावलाकडे न पाहता गुडघ्याकडे पाहतो. टाच टेकताच गुडघा पुढे फेकला जात असेल आणि पाऊल बाहेर वळत असेल, तर टाच कडक आहे. गुडघा मागे ढकलला जात असेल आणि तळवा थपकन आपटत असेल, तर टाच फार मऊ आहे. सपाट जमिनीवर चढण चढल्यासारखे वाटत असेल, तर चवड्याकडचा भाग लांब किंवा ताठ आहे. शेवटच्या क्षणी खड्ड्यात पाय पडल्यासारखा गुडघा खाली जात असेल, तर तो आखूड किंवा लुळा आहे. एका वेळी एकच बदल करावा. अधीर नवशिके टाच, उंची आणि सॉकेटचा कल एकदम बदलतात आणि नेमके कशाने बरे वाटले ते त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

इथेच चपलांचा प्रश्न येतो आणि तो जवळजवळ सगळे विसरतात. बुटाच्या टाचेची उंची धरून तोल साधलेला पाय घरात अनवाणी वापरला, की नडगी मागे कलते आणि गुडघा प्रत्येक पावलाला मागे ताणला जातो. उंच टाचेचे पादत्राण घातले, की उलट गुडघा पुढे मोडू लागतो. आपल्याकडे माणूस कचेरीत बूट, बाजारात रबरी चप्पल आणि घरात अनवाणी असतो. साचा घेण्याच्या दिवशीच मी घरातली सगळी पादत्राणे पिशवीत घालून आणायला सांगतो, जास्तीत जास्त वापर ज्याचा त्यावर तोल बसवतो आणि बाकीच्यांची उंची आतल्या सुखतळ्याने जुळवून देतो.

सॉकेटचा मागचा काठ उंच ठेवला तर गुडघा पुरता वाकत नाही. ‘‘मावशी, खाली बसून दाखवा’’ असे म्हटल्याशिवाय पाय देऊ नये.

बाकीच्या चुका

‘दुखत नाही’ यावर मधुमेही रुग्णाच्या बाबतीत विश्वास ठेवू नका, कारण संवेदना गेलेली असते. पंधरा मिनिटे चालवून पाय काढा आणि कातडी बघा. दहा मिनिटांत न मावळणारी लाली म्हणजे काम बाकी आहे. घरी स्टंपची खालची बाजू रोज आरशात पाहायची सवय लावा.

फक्त पॅरलल बारमध्ये चालवून पाय देऊ नका. जिना, उतार आणि फरशीचा ओला भाग हे तिन्ही झाल्याशिवाय मी सही करत नाही. चालणे कसे शिकवतात हे पाहायचे असेल, तर १९५५ साली स्थापन झालेल्या, हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारखे ठिकाण मुंबईतच आहे. विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन शिकावे. भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या प्रोस्थेटिस्टच्या (कृत्रिम अवयवांच्या तज्ज्ञाच्या) देखरेखीशिवाय कोणाच्याही स्टंपवर प्रयोग करू नये.

मुंबईच्या दमट हवेचा विचार करा. घाम साठला की लायनर सरकतो, पुटकुळ्या येतात, बुरशी होते. लायनर रोज रात्री सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायचा, हे तोंडी न सांगता समोर करून दाखवा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागणाऱ्या माणसाला लाकडी गाभ्याचे सॅच पाऊल देऊ नका. पाणी आत मुरते, लाकूड फुगते आणि टाचेचा फोम सुटतो.

पायासोबत वेगवेगळ्या जाडीचे मोजे द्या आणि ते केव्हा वाढवायचे ते शिकवा. सकाळी घट्ट बसणारे सॉकेट दुपारनंतर सैल होणे स्वाभाविक आहे. गुडघ्याची वाटी नेहमीपेक्षा खोल बसू लागली किंवा तळाशी टोक आपटू लागले, की एक मोजा वाढवायचा. मोज्यांवर मोजे चढवूनही पाय खालीवर होत असेल, तर सॉकेटचे काम संपले आहे. त्या रुग्णाला नव्या साच्याची तारीख त्याच दिवशी द्यावी.