बेस गिटार परत हातात घेतलीय? मेट्रोनोम निम्म्यावर आणा

सात-आठ वर्षांनी बेस बाहेर काढला की बोटं आठवणीने चालतात, पण लय नकळत पुढे पळते.

१. ८० च्या लयीसाठी (मिनिटाला ८० मात्रा) मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक देणारं यंत्र किंवा अ‍ॅप, ४० वर ठेवा. प्रत्येक टिक म्हणजे दुसरी किंवा चौथी मात्रा. पहिली आणि तिसरी तुम्हीच धरायची. सुरुवातीला दोन दिवस चिडचिड होते, होऊ द्या.
२. पाचव्या फ्रेटच्या (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीच्या) पुढेच वाजवा. तिथे फ्रेट जवळजवळ असतात, करंगळी ताणावी लागत नाही.
३. शेवटचं एक मिनिट फोनवर रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. फोनच्या स्पीकरवर बेस कुठला ऐकू येतोय!

रोज पंधरा मिनिटं पुरे. बोटांची टोकं हुळहुळली की थांबा. फोड आला तर आठवडा गेलाच.