क्रूझ कंट्रोल वापरताय? या चुका टाळा

नवी गाडी आली, नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढली, की लगेच क्रूझ (ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग राखणारी सोय) १२० वर. मॅन्युअल मात्र अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच. ही घाई मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे अडॅप्टिव्ह क्रूझला, म्हणजे समोरच्या गाडीनुसार वेग कमी-जास्त करणाऱ्या क्रूझला, उभी गाडी दिसणारच, असं धरून चालणं. वर्ध्याच्या पुढे भाचा गाडी चालवत होता, मी शेजारी. क्रूझ १२० वर, पण समोरची कार ९० ने जात होती म्हणून आम्हीही तिच्यामागे ९० वर. ती कार एकाएकी उजवीकडे सरकली आणि समोर दिसला लेनमध्येच बंद पडलेला ट्रक. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. आमच्या गाडीने चक्क वेग वाढवला! तिच्या हिशेबाने रस्ता मोकळा झाला होता. मी ओरडलो, "ब्रेक मार!" भाच्याचा पाय सीटखाली दुमडलेला. ९० च्या वेगाला सेकंदाला २५ मीटर जातात. ट्रकच्या अगदी जवळ जाऊन थांबलो. "मामा, ते आपोआप थांबते न," एवढंच तो म्हणत राहिला.

नाही थांबत. समोरच्या गाडीचं अंतर मोजणाऱ्या रडारला पूल, पाट्या, कठडे अशा कितीतरी स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी मिळतात. प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालवताच येणार नाही, म्हणून जास्त वेगात बऱ्याच यंत्रणा उभ्या वस्तूंकडे दुर्लक्ष करतात. माझी सवय अशी: टाच खाली टेकलेली, पंजा ब्रेकसमोर. समोर कंटेनर असेल आणि त्याच्या पलीकडचं दिसत नसेल, तर अंतराची सेटिंग सर्वात लांबची. मध्ये कोणी घुसतं म्हणून अंतर कमी करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, घुसू द्या.

दुसरी चूक रिझ्यूमची. समृद्धीवर ठेवलेले १२० गाडीच्या लक्षात असतात. खाली उतरून बुटीबोरीच्या गर्दीत रिझ्यूम दाबलं, की गाडी तोच आकडा गाठायला धावते. महामार्ग सोडताना मी क्रूझचं मुख्य बटणच बंद करतो. गाव बदललं की वेग नव्याने सेट करायचा.

पाऊस सुरू झाला, रस्त्यावर पाणी दिसलं, की क्रूझ बंद. टायर पाण्यावर तरंगू लागले तर ॲक्सिलरेटर आपल्याच पायाखाली हवा. तळेगावच्या सत्याग्रही घाटात साधा क्रूझ नकोच, उतारावर तो ब्रेक लावत नाही आणि वेग वाढत जातो. इको (इंधन वाचवणाऱ्या) मोडवर ओव्हरटेकला निघू नका, गाडी उशिरा उचलते. चिखलाने माखलेला कॅमेरा आणि रडार निघण्याआधी पुसा. जबलपूर रोडवर देवलापारनंतर जंगल लागतं. तिथे गुरं, माकडं कधीही आडवी येतात, पाय पेडलवरच हवा.

आणि मे महिन्यातली दुपार, पोटभर जेवण, सरळ रस्ता, वर क्रूझ: डोळा लागायला एवढं पुरतं. मी अधूनमधून क्रूझ काढून स्वतः चालवतो, आणि पापण्या जड झाल्या की सरळ विश्रांतीच्या जागी गाडी लावून झोपतो.

नवखे असाल तर समृद्धीवर जाण्याआधी नागपूरच्या आउटर रिंग रोडवर सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, ६० वर सराव करा. सेट, कॅन्सल, रिझ्यूम ही तीन बटणं न पाहता बोटाला सापडली पाहिजेत. ब्रेक दाबून क्रूझ सुटतो ते प्रत्यक्ष करून बघा.