कडक भाकरी, डोंगल आणि नमुना 8

आमच्या सोलापूर भागात कडक भाकरी हा घराघरातला जिन्नस. मालदांडी ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजून झाली की मंद आचेवर कापडाने दाबत दाबत पापडासारखी कडक करायची. सोबत उखळात कुटलेली शेंगाचटणी. आमच्या दहाजणींच्या बचत गटाने याचाच धंदा केला, आणि डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत मी गावची सरपंच झाले. गटातून पंचायतीत येऊ पाहणाऱ्या बायका मला हल्ली विचारतात, सुरुवात कुठून करायची? मी म्हणते, धंद्यातच करा, कारण वही वाचायची सवय तिथे लागते.

पहिल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका दुकानातून आमची चाळीस पाकिटं परत आली. भाकऱ्या सादळल्या होत्या. दोष पिशवीचा होता, पण कुठल्या दिवशीचा माल, कुणी भरला, काहीच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पाकिटावर तारीख आली, अन्न परवान्याचा नंबर आला आणि रोज संध्याकाळी वही लिहायचा नेम आला. गटाची अध्यक्ष म्हणून बँकेत जाणं, कर्जाच्या हप्त्यावर भांडणं, हेही तिथेच शिकले. भाषण मला आजही फारसं जमत नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

पंचायतराजमध्ये आपल्याकडे 2011 पासून निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. त्यामुळे उभं राहायला कुणी ना कुणी सांगतंच. कागद मात्र स्वतः गोळा करा. शौचालयाचा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, जातीसाठी राखीव जागा असेल तर जात पडताळणी. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्रता येते. निकालानंतर 30 दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. जिंकल्याच्या गुलालात हे विसरलेल्या बायका मी पाहिल्यात.

पहिल्या बैठकीला माझ्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मांडलेली. "साहेबांसाठी," शिपाई म्हणाला. साहेब म्हणजे आमचे हे. ते बिचारे दारातच थबकले. मी म्हटलं, "तुम्ही बाहेर चहा घ्या, मी येते तासाभरात." ते गेले, हे त्यांचं मोठेपण. सगळ्यांचे जात नाहीत.

खरा धडा डोंगलचा. वित्त आयोगाचा पैसा आता ऑनलाइन जातो. त्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) दोघांची डिजिटल सही लागते. ती सही बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते. माझी डोंगल तीन महिने ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती आणि पासवर्ड ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर! गटाच्या चेकबुकावर कोऱ्या सह्या करून ठेवणाऱ्या सेक्रेटरीला मीच एकदा झापलं होतं, आणि इथे माझी सही अख्ख्या ऑफिसला मोकळी. त्या दिवशी डोंगल उचलली, पासवर्ड बदलून घेतला. आता ती मंगळसूत्राच्या डबीत असते. काम अडतं म्हणून दोन दिवस कुरकुर झाली, मग सगळे बिलं आधी दाखवायला लागले.

धंदेवाल्या बाईने एक फार जपायचं. स्वातंत्र्यदिनाच्या खाऊची ऑर्डर तुमच्याच गटाला देऊ, असं कुणीतरी प्रेमाने सुचवलं. मी हो म्हणणारच होते. एका जुन्या सदस्याने बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, कलम 14 वाचा." ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर पद जाऊ शकतं. पाचशे रुपयांच्या चटणीपायी! तेव्हापासून गटाचा माल पंचायतीच्या दारात नाही. गटातल्या काहीजणी रुसल्या, आणि त्यांचंही चूक नव्हतं. सरपंच आपली असून आपल्याला काय मिळालं, हे कुणालाही वाटणारच.

मग द्यायचं काय? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. ती कागदावर होतच होती, सकाळी अकराला. त्या वेळी बायका खुरपायला गेलेल्या. पारावर बायका बसत नाहीत, म्हणून मी ती रात्री आठला शाळेच्या व्हरांड्यात घेतली. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी असतो, हे तिथे पहिल्यांदा मोठ्याने वाचलं. "मग मागच्या वर्षीचा कुठं गेला?" मागून एक म्हातारी. उत्तर द्यायला मला पुढच्या सभेपर्यंत वेळ मागावा लागला.

त्याच सभेत नमुना 8 चा विषय निघाला. घरपट्टीच्या त्या नोंदवहीत नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावता येतं. ती नोंद कराची, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हे मी आधीच सांगितलं. तरी अर्ज येऊ लागले, कारण नवऱ्यांची संमती मिळवणं हीच तिथली खरी मोहीम होती. कोल्हापुरातल्या हेरवाडने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला तेव्हा तो साऱ्या राज्यात गाजला. आमचं हे काम तेवढं गाजणारं नाही.

गेल्या आठवड्यात गटातली भाकरी थापणारी एकजण ऑफिसात आली. हाताला पीठ तसंच. तिला वाचता येत नाही. "माझं नाव कुठाय ते दाखवा," म्हणाली. मी ओळ दाखवली. तिने बोट ठेवलं आणि नोंदवहीवर ज्वारीच्या पिठाचा ठसा उमटला. ग्रामसेवक पुसायला फडकं शोधायला लागले. मी म्हटलं, राहू द्या.