वॉलपेपरच्या सुटणाऱ्या कडा : माझा अनुभव

हॉलमधल्या एका भिंतीचा वॉलपेपर जोडावर सुटायला लागला होता. सगळ्यांचं म्हणणं, गोंद हलका असणार. सुटलेली कड उलटी करून पाहिली, तर गोंद कागदाला घट्ट होता आणि त्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. म्हणजे सुटला होता तो खालचा जुना डिस्टेंपर. उघड्या भागावर तळवा फिरवला की हात पांढरा! अशा भिंतीवर कितीही भारी गोंद लावा, टिकत नाही.

मग सगळा कागद उतरवला. भिंत ओली करून डिस्टेंपर पत्र्याने खरवडला, पुट्टीने खड्डे भरले, पॉलिश पेपर मारला, भुकटी ओल्या स्पंजने पुसली आणि प्रायमरचा हात दिला. तो पूर्ण वाळू द्यावा, घाई करू नये.

नवा रोल 53 सेंटीमीटर रुंद, 10 मीटर लांब. नऊ फुटी भिंतीला वर-खाली दोन-दोन इंच जास्त धरून एका रोलमध्ये तीन पट्ट्या निघतात. पहिली पट्टी कोपऱ्याच्या भरवशावर लावू नका, आपल्याकडचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. ओळंबा सोडून पेन्सिलची रेघ मारा. कागद नॉन-वोवन (न विणता दाबून बसवलेल्या तंतूंचा) असेल तर गोंद थेट भिंतीला लावायचा. मधून कडेकडे ब्रशने हवा काढायची, जोडावरचा जास्तीचा गोंद लगेच ओल्या फडक्याने टिपायचा. स्विचबोर्डापाशी आधी मेन स्विच बंद!

पंखा मात्र रात्रभर बंद ठेवा. कडा आधी वाळल्या की जोड उघडतात.