शिफ्ट बदलताना चार्ज कसा द्यावा, कसा घ्यावा

कारखान्यात शिफ्ट बदलताना चार्जचं, म्हणजे काम पुढच्याच्या हाती सोपवण्याचं, दहा मिनिटांचं बोलणं नीट झालं नाही, तर पुढचे आठ तास निस्तरण्यात जातात. चुकण्याची कारणंही ठरलेलीच. जाणाऱ्याचा जीव गेटवरच्या बसमध्ये अडकलेला असतो आणि येणाऱ्याचा अजून पंचिंगच्या रांगेत.

चार्ज मशीनपाशी उभं राहूनच द्यावा, कॅन्टीनच्या वाटेवर नाही. आवाज फार असेल तर पॅनलपाशी सरका, पण मशीन नजरेसमोर असू द्या. समोर दिसलं की विसरलेलं आठवतं. लॉगबुक सुटायच्या अर्धा तास आधीच भरून ठेवा, म्हणजे ती दहा मिनिटं लिहिण्यात जाणार नाहीत.

सर्वांत आधी, ज्याने माणूस जायबंदी होऊ शकतो ते सांगा: बायपास केलेला इंटरलॉक (धोका असताना मशीन चालू न देणारी यंत्रणा), काढून ठेवलेलं गार्ड, लोटोचं कुलूप (दुरुस्तीत मशीन कोणी सुरू करू नये म्हणून लावलेलं), चालू असलेलं वर्क परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी). मग अर्धवट राहिलेली कामं, मग क्वालिटी. प्रॉडक्शनचा आकडा शेवटी. तो बोर्डावर असतोच. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं, कारण वरिष्ठ आधी आकडाच विचारतात.

अर्धवट काम सांगायचं राहिलं तर काय होतं? 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. हे संध्याकाळी शिफ्ट बदलताना पुढच्या माणसांपर्यंत पोचलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हाच पंप सुरू केला. वायू गळला, स्फोट झाले आणि 167 माणसं गेली. परमिट लिहिलेलं होतं. बोलणं झालं नव्हतं.

“जरा लक्ष ठेव” हे चार्ज देताना सर्वांत निरुपयोगी वाक्य. कशावर, किती वेळ, काय दिसलं तर थांबायचं, हे सांगा. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, असं (बोअर म्हणजे जॉबमधलं भोक, मायनस म्हणजे मापापेक्षा लहान, ऑफसेट म्हणजे टूलच्या जागेत केलेली दुरुस्ती, इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं टोक):

“बोअर मायनसला चाललाय. साडेबारापासून दोनदा ऑफसेट दिला, दहा-दहा मायक्रॉन.”

“इन्सर्ट बघितला?”

“नाही. घासला असेल, पण काढून बघितलेला नाही.”

“म्हणजे वीस मायक्रॉन देऊन झालेत, इन्सर्ट जुनाच. मी आधी तो बघतो, मग पहिले पाच जॉब मोजून लाईन पुढे चालू करतो.”

इथे दोन गोष्टी नीट झाल्या. देणाऱ्याने पाहिलेलं आणि अंदाजाचं वेगळं ठेवलं. अंदाज हा निदान म्हणून पुढे गेला, की येणारा तीच एक गोष्ट तपासत बसतो आणि खरं कारण बाजूला राहतं. दुसरं, घेणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हटलं. नुसत्या “हो, हो”वरून कळलं की नाही, हे कोणालाच समजत नाही.

घेणाऱ्याने “सगळं ठीक ना?” असं विचारू नये, उत्तर “हो”च येतं. “आज कशाने जास्त त्रास दिला?”, “काय बदललंय?”, “तुम्ही थांबला असता तर पुढे काय केलं असतं?” असं विचारा. तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत कामाचा वाटतो. वीकली ऑफनंतर आलात तर मधल्या सगळ्या शिफ्टची पानं वाचा आणि पाच मिनिटं जास्त मागून घ्या.

“तुमच्या शिफ्टने हे केलं” इथून सुरुवात झाली की समोरचा पुढच्या वेळी लपवायला शिकतो. चार्ज घेताना फक्त स्थिती विचारा. चूक कोणाची हे नंतर, सुपरवायझरसमोर, रेकॉर्ड उघडून. भांडण पेटतंय असं वाटलं तर मशीनकडे बोट करून बोला. गंमत नाही, खरंच उपयोग होतो.

रिलिव्हर, म्हणजे तुमची जागा घेणारा, आलाच नाही तर शेजारच्या मशीनवाल्याला ओरडून सांगून निघू नका. सुपरवायझरला चार्ज द्या, लॉगबुकवर दोघांच्या सह्या घ्या आणि पॅनलवर टॅग लावा. टॅगवर तीनच गोष्टी: काय उघडं आहे, काय सुरू करायचं नाही आणि तुमचा मोबाईल नंबर.